पान उलटायची जागा

आपलाच आवाज दुसऱ्या खोलीतून ऐकू यावा, याची सुपडूला अजून सवय झाली नव्हती. पिंप्राळ्यातल्या घरात दुपारचं जेवण करून तो पुढच्या खोलीत खाटेवर पडला होता आणि मागच्या खोलीत त्याची नात संघमित्रा मोबाइलवर धुळ्याच्या लग्नाचा व्हिडिओ बघत होती. शिल्पाचं लग्न होऊन बारा दिवस झाले होते. मंगल गाथा चालू होत्या आणि त्या म्हणणारा तोच होता. पहिली गाथा झाली, दुसरी झाली, तिसरीत त्याला ठसका लागला होता तोसुद्धा ऐकू आला. चौथी संपली. आणि मग त्याच चालीत, त्याच ठाम आवाजात, माइकवरून, भर लग्नात त्याचा आवाज चितेपुढे म्हणायची गाथा म्हणू लागला. पुरत्या चार ओळी. एकही अक्षर न अडखळता. त्यानंतर फुलं पडल्याचा, लोक हसल्याचा, कुणीतरी पोराला हाका मारल्याचा आवाज आला आणि मांडवातला सुपडू जणू काही झालंच नाही अशा थाटात सहाव्या गाथेकडे वळला.

खाटेवरचा सुपडू उठून बसला. पायाखालची फरशी थंड होती. ऐकण्यात चूक झाली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं, पण ते त्याला स्वतःलाच पटलं नाही. चाळीस वर्षं ज्या चार ओळी त्याने मेलेल्या माणसांच्या पायाशी उभं राहून म्हटल्या होत्या, त्या त्याला कशा ओळखू येणार नाहीत? तो दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "परत लाव गं जरा."

"कुठून लावू?"

"माझं जिथून आहे तिथून."

संघमित्रा हसली. "आबा, स्वतःचाच आवाज किती ऐकता! थांबा, कमेंट वाचून दाखवते. 'बाबांचा आवाज अजून खणखणीत.' 'जुनी माणसं ती जुनी माणसं.' चौसष्ट लाइक पडलेत तुम्हाला." तिने परत लावलं. या वेळी त्याने चित्रही बघितलं. स्टेजवर लाल खुर्ची, खुर्चीत पांढऱ्या सदऱ्यातला तो, मांडीवर उघडलेलं बुद्धवंदनेचं पुस्तक. पुढे पांढऱ्या साडीतली शिल्पा आणि तिचा नवरा. भोवती माणसं, हातात पाकळ्या. त्या चार ओळी आल्या, संपल्या, सगळ्यांनी पाकळ्या टाकल्या. कॅमेरा गर्दीवरून फिरला, आणि शिल्पाच्या मागे तिची आजी झुंबरबाई दिसली. तिने पाकळ्या टाकल्या नव्हत्या. तिचा हात छातीशी होता आणि मूठ गच्च मिटलेली होती. ती सुपडूकडे बघत होती.

"छान आलेत ना?" संघमित्राने विचारलं. "छान," तो म्हणाला आणि न्हाणीघरात जाऊन उगाच हातपाय धुऊन आला. आरशात तो बघत नसे, त्या दिवशी तर त्याने तिकडे पाठच केली. लग्नात शुभ-अशुभ असं काही नसतं, हे चाळीस वर्षं त्यानेच लोकांना सांगितलं होतं. मुहूर्त नको, पत्रिका नको, मांजर आडवं गेलं तर मांजराला बाजारात जायचं असेल, असं तो म्हणायचा आणि मांडव हसायचा. त्याच मांडवातल्या माणसाच्या मनात आता शुभ-अशुभ आलं होतं आणि ते यावं याचीच लाज वाटत होती. पोरीचं काही वाईट होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. वाईट व्हायचं ते पोरीचं झालंच नव्हतं, त्याचं झालं होतं. मांडवात दोनशे माणसं होती, त्यांतल्या निम्म्यांनी ती गाथा कुठल्या ना कुठल्या घाटावर ऐकली असणार. पण सुपडूआबा म्हणतायत म्हटल्यावर आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं समजून त्यांनी पाकळ्या टाकल्या. त्या पाकळ्यांनीच त्याला मेल्याहून मेल्यासारखं केलं. कुणी उठून 'अहो थांबा' म्हणालं असतं तर बरं झालं असतं.

गाथा त्याने पुस्तकातून शिकलेल्या नव्हत्या. शिकला तेव्हा त्याला अक्षर येत नव्हतं. जळगावच्या दाळमिलमध्ये तो हमाल होता, अंगात रग होती, आणि मुकादम रुपचंद त्याच्यापुढे पोतं घेऊन चालायचा. रुपचंदला विहारातल्या कुणा भन्तेजींनी सगळं तोंडपाठ करून दिलेलं होतं. ट्रकपासून थप्पीपर्यंत बत्तीस पावलं. रुपचंद पुढे एक ओळ म्हणायचा, सुपडू मागे तीच ओळ म्हणायचा आणि पोतं टाकताना ओळ संपली पाहिजे, असा नियम. रिकाम्या पाठीने परत येताना बोलायचं नाही, मनात घोळवायची. एका ट्रकला एक गाथा बसायची. "वजन असलं की ध्यानात राहतं," रुपचंद म्हणायचा, "हलक्या अंगाने शिकलेलं हवेवर जातं." त्यामुळे त्या ओळी सुपडूच्या डोक्यात कधी नव्हत्याच. त्या मानेत होत्या, गुडघ्यात होत्या, तुरीच्या डाळीच्या धुळीचा घशाला जो चरका बसतो त्याच्यात होत्या. पहिल्या लग्नात तो खुर्चीवर बसला तेव्हा ओळी येईनात, म्हणून त्याने धोतराखाली पाय हलवायला सुरुवात केली, डावा-उजवा, डावा-उजवा. पाय चालू लागले तशा ओळी आल्या. ती सवय अजून होती. व्हिडिओत त्याचे पाय दिसत होते. चौथ्या गाथेनंतर ते थांबले होते.

रुपचंद गेला आणि लोक सुपडूला बोलावू लागले. आधी मिलमधले, मग पिंप्राळ्यातले, नशिराबादपासून बोदवडपर्यंतचे. तेव्हा त्याने एक गोष्ट केली. एक वंदनेचं पुस्तक विकत घेतलं आणि मांडीवर उघडून बसू लागला. कुणी सांगितलं नव्हतं. नुसत्या तोंडाने म्हणणारा हमाल आणि पुस्तक बघून म्हणणारा माणूस, यांच्याकडे लोक बघतात ते वेगळ्या नजरेने, एवढं त्याला कळलं होतं. कडवं संपलं की तो पान उलटायचा. डोळे ओळींवरून फिरवायचा. अक्षरं म्हणजे त्याला मुंग्यांची रांग वाटायची, पण रांगेवरून बोट फिरवायला काय लागतं? सात-आठ वर्षं कुणाला कळलं नाही. कळलं ते एका सोळा वर्षांच्या पोराला, झुंबरबाईच्या जीवनला. तेव्हा ती माणसं मिलमागच्या चाळीत सुपडूच्या शेजारी राहत होती. साक्षरतेचे वर्ग निघाले होते, दहावी झालेली पोरं गल्लोगल्ली पाट्या घेऊन शिकवत होती. जीवन एके दिवशी हळूच येऊन म्हणाला, "काका, काल तुम्ही पान ओळीच्या मधेच उलटलं."

"वारं होतं," सुपडू म्हणाला.

"वारं दोनदा आलं, काका. आणि दुसऱ्यांदा उलटं आलं."

सुपडूने त्याच्याकडे बघितलं. पोरगं हसत नव्हतं. "संध्याकाळी या वर्गाला," एवढं म्हणून ते गेलं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी सुपडू पाटी घेऊन त्या पोरापुढे बसला. पोत्याने घडवलेल्या बोटांत पेन्सिल रोज मोडायची. "काका, पेन्सिल आहे, पोत्याचा हूक नाही," जीवन म्हणायचा. क, म, ल आले, काना-मात्रा आल्या, आपलं नाव आलं, बसवरचं गावाचं नाव आलं, दुकानाच्या पाट्या आल्या. बाजारातून घरी येईपर्यंत तो मोठ्याने वाचत यायचा आणि बायको म्हणायची, "आता भिंत दिसली की वाचाल." पण पुस्तकातल्या गाथा आल्या नाहीत. त्यातली जोडलेली अक्षरं एकावर एक चढलेली, थप्पी कोसळल्यासारखी. एक सोडवेपर्यंत मागचं निसटायचं. एक ओळ वाचायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात तोंडाने अख्खी गाथा म्हणून झालेली असे. दोन वर्षं जीवनने खटपट केली. एकदा सुपडूने वैतागून विचारलं, "माणसाच्या डोक्यात किती पोती मावतात रे, जीवन? माझं गोदाम भरलं दिसतंय." जीवन म्हणाला, "भरलं नाही, काका. तुम्ही दार एकाच बाजूला ठेवलंय. कानाच्या." मग त्याने पुस्तक मागून घेतलं आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात, शेवटच्या ओळीपाशी, पेन्सिलीने एक बारीक टिंब काढून दिलं. "टिंबापर्यंत बोट आलं की पान उलटा. तिथेच गाथा संपते. म्हणजे कुणी म्हणायला नको." एवढंच. कुणाला बोलला नाही, आपल्या आईलासुद्धा नाही. ती टिंबं अजून पुस्तकात होती. तीस वर्षं सुपडू त्या टिंबांवर पानं उलटत आला होता आणि लोक त्याच्या मुलाला सांगत, तुमचे बाबा शिकलेले नव्हते तरी बघा, पुस्तक बघून एक अक्षर चुकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नशिराबादच्या वधूकडच्या हेमराजचा फोन आला. "आबा, रविवारी नशिराबादला लग्न आहे, ध्यानात आहे ना? तुमच्याशिवाय पोरगी मांडवात उभी राहणार नाही म्हणते."

"ध्यानात आहे," सुपडू म्हणाला. ध्यानात नव्हतं. फोन ठेवल्यावर तो खाटेवर बसून मंगल गाथा म्हणून बघू लागला. डावा-उजवा, डावा-उजवा. चौथ्यानंतर पाचवी यायला हवी होती. तिच्या जागी तीच आली, चितेपुढची, न बोलावता. त्याने परत सुरुवात केली, परत तीच. बरोबरच होतं. कोरोनाच्या दोन वर्षांत लग्नं झाली नाहीत आणि ती गाथा त्याने रोज म्हटली, कधी दिवसातून तीनदा, घाटावर जाऊ देत नसत म्हणून कधी फोनवर. रहदारीने वाट रुंद झाली. बैल ज्या वाटेने रोज जातो, तिकडेच वळतो, हाकणारा झोपला की. आणि हाकणारा झोपला होता. जीवन त्यातच गेला, एकवीस सालच्या मे महिन्यात, धुळ्याला, बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा असताना, का चव्वेचाळीस? सुपडूने बोटांवर मोजून बघितलं. चव्वेचाळीस. ज्या वयात सुपडू त्याच्यापुढे पाटी घेऊन बसला होता, त्या वयात. त्याच्यासाठीही सुपडूने फोनवरच म्हटलं होतं. पुढे शिल्पाचं लग्न ठरलं तेव्हा झुंबरबाईने निरोप धाडला, बाकी कुणी नको, सुपडूभाऊच पाहिजेत, त्यांना माझ्या जीवनने शिकवलं होतं. आणि त्या जीवनच्या पोरीच्या लग्नात त्याने हे म्हटलं होतं. तिने मूठ उघडली नाही, यात तिचं काय चुकलं? तिला सांगितल्याशिवाय रविवारी खुर्चीवर बसता येणार नाही, एवढं त्याला दिसलं. बाकी काही दिसेना. त्याने पिशवीत पुस्तक टाकलं, का ते त्यालाही कळलं नाही, आणि धुळ्याची एसटी पकडली.

कंडक्टरने आधारकार्ड बघितलं. "शहात्तर पूर्ण. बसा बाबा, तुम्हाला तिकीट माफ." सुपडूला वाटलं, आणखी काय काय माफ होतं त्या कार्डावर? एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून पाट्या धावत होत्या आणि तो सवयीने वाचत होता, एक अर्धीच वाचून व्हायची तोवर दुसरी यायची. काय बोलायचं ते तो जुळवत होता. अक्का, माझं वय झालं. नको, वयावर ढकलल्यासारखं होईल. अक्का, माझी जीभ घसरली. जीभ कशी घसरेल, चार ओळी घसरतात का कुठे? चौथं शील तो लोकांकडून वदवून घ्यायचा, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. हजारो माणसं त्याच्यामागून म्हणाली होती, आणि त्या प्रत्येक वेळी मांडीवर ते न वाचलेलं पुस्तक उघडं होतं. धुळ्याच्या स्टँडवर उतरला तेव्हा ऊन माथ्यावर होतं. देवपुरात जीवनचं घर शोधायला त्याला तीन जणांना विचारावं लागलं. तेरा दिवसांपूर्वी तो याच घरी चहा पिऊन गेला होता.

झुंबरबाई ओट्यावर बसून तूर निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "या भाऊ, बठा. इतला उन्हामा काबर उनात? फोन करी देतात." ती आत जाऊन पाणी घेऊन आली. घरात कोणी नव्हतं. भिंतीवर जीवनचा फोटो, खाली एक स्टीलची वाटी. सुपडूने पाणी संपवलं, पेला जमिनीवर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. "अक्का," तो म्हणाला, "त्या दिवशी मांडवात…"

"तेच सांगनं व्हतं माले," झुंबरबाई म्हणाली. तिने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "बठ्ठी माणसं व्हतीत मांडवमा, बाप नव्हता. पोर रडी नही पण माले समजी राह्यनं व्हतं. आन् तुम्ही मना जीवनकरता म्हनं. लगनमा त्याले बलायं. बठ्ठास्नी फुलं टाकात, मी नही टाकात. त्याना वाटाना ठेई लिधात." तिने वाटी पुढे केली. तळाशी गुलाबाच्या आणि शेवंतीच्या पाकळ्या होत्या, सुकून चहाच्या पत्तीसारख्या झालेल्या. "इतलं कोनले सुचतं भाऊ? तुमनं ध्यान मोठं."

सुपडू वाटीकडे बघत राहिला. आता काही बोललं नाही तरी चालणार होतं. वाटी परत फोटोखाली गेली असती, चहा झाला असता, संध्याकाळच्या गाडीने तो घरी पोचला असता आणि त्याचं ध्यान मोठं राहिलं असतं. तीस वर्षं टिंबांवर पानं उलटत राहिला तसंच हे एक पान. जीवनने यालासुद्धा टिंब काढून दिलंय की काय, असं त्याला एक क्षण वाटलं आणि त्या वाटण्याचीच त्याला किळस आली. तिचं सुख आपण कशाला मोडायचं, असा एक भला विचार पुढे आला. फार भला. पोतं उचलायचं नसलं की पाठ अशीच दुखते.

"अक्का," तो म्हणाला, "मी म्हनं नही. ते मना तोंडमाईन निंघी गयं. चुकनू मी. जीवन मना ध्यानमाबी नव्हता तवय." त्याच्या तोंडून घरची बोली आली तेव्हा आवाज लहान झाला. "आन् ते पुस्तक माले वाचता येत नही. कधीच येत नव्हतं. तुमना जीवनले ठाऊक व्हतं, त्याने कोनले सांगं नही."

झुंबरबाईने वाटी मांडीवर घेतली. तळच्या पाकळ्या तिने बोटाने एका कडेला केल्या. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, शेजारी कुकरची शिट्टी झाली. तिचा चेहरा जरा मिटला, आणि तो तसा आपण मिटवला हे सुपडूने पाहिलं. मग ती म्हणाली, "मंग ते सात दिवस?"

"कोनता सात दिवस?"

"जीवन गया तवय. मी तुम्हले रोज फोन करू, दुपारना. मी म्हनू, म्हना. तुम्ही म्हनेत. मी म्हनू, परत. तुम्ही परत म्हनेत. सात दिवस, भाऊ. तेबी ध्यान नही का?"

त्याने आठवून बघितलं. जीवन गेल्याची दुपार आठवली, अंगणातलं ऊन, कानाशी तापलेला फोन. एकच दुपार. बाकी सहा नव्हत्या. कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या थप्पीखाली, काहीच नाही. ती खोटं बोलणार नव्हती. "नही, अक्का," तो म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

"माले ध्यान शे," ती म्हणाली. यात टोमणा नव्हता, फुशारकीही नव्हती. चूल पेटलीय म्हणावं तसं ती म्हणाली. "चुकनात ते चुकनात. तुम्ही नही बलायं, तरी तो उना ना. आते म्हना एकडाव. मुद्दाम म्हना, त्याना करता."

सुपडूने पिशवीतून पुस्तक काढलं, मग तसंच परत आत ठेवलं. हात जोडले. पाय हलू लागले, डावा-उजवा. पहिली ओळ आली. दुसरी आली. मांडवात न बोलावता येणारी, सकाळी खाटेवर दोनदा आडवी येणारी ती गाथा दुसऱ्या ओळीवर थांबली आणि पुढे काहीच नव्हतं. नुसती बत्तीस पावलं आणि पाठीवर वजन नाही. त्याने परत सुरुवात केली. परत तिथेच. समोर फोटोत जीवन होता, सोळा वर्षांचा नव्हे, चव्वेचाळीसचा, जाड मिशांचा, तोच न हसणारा.

झुंबरबाईने डोळे मिटले आणि तिसरी ओळ म्हटली. तिला 'क'सुद्धा येत नव्हता. तिची चाल वेगळी होती, फोनवरून ऐकलेली, मधेच रेंज गेल्यासारखी थांबणारी. एका शब्दाशी तिचा उच्चार निराळा आला आणि चाळीस वर्षांच्या सवयीने सुपडूची मान दुरुस्त करायला वर झाली. पण बरोबर शब्द कुठला, तिचा की आपला, हे त्याला ठरवता येईना. फोनवर आपणच तसा म्हटला असेल. रुपचंदनेच तसा दिला असेल. तो थांबला. तिने ओळ परत म्हटली, वर्गात म्हणतात तशी, संथ, तुकडे पाडून.

मग त्याने पाय जमिनीवर स्थिर ठेवले आणि तिने म्हटलं होतं तसंच, तिच्यामागून म्हटलं.